मंडि म्हणजे गुडघा

माझ्या मुलीचा उजवा गुडघा अकरा महिन्यांपूर्वी निपाणीच्या मैदानावर गेला. ती फुटबॉल खेळते. या अकरा महिन्यांत माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती मला कुणी आधी सांगितली असती तर आमचे सहा आठवडे आणि बरीचशी भीती वाचली असती. ज्यांच्या घरात आत्ता असा पाय उशीवर ठेवलेला आहे, त्यांनी हे वाचण्याआधी उठून उशी नेमकी कुठं आहे ते बघून यावं.

मी डॉक्टर नाही. बेळगावजवळ मच्छेच्या एका कारखान्यात बावीस वर्षं तपासणी विभागात आहे. पंपांचे सुटे भाग मोजायचे, मापात नसतील ते बाजूला काढायचे, हे माझं काम. त्यामुळे आकडे लिहून ठेवायची सवय आहे. इथं जे आकडे दिलेत ते माझ्या वहीतले आहेत. जिथं आठवत नाही तिथं तसं म्हटलं आहे.

बासष्टावं मिनिट

अक्षता वीस वर्षांची आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्या उचगावात तिला सगळे ओळखतात, कारण जिल्ह्याच्या संघात आमच्या गावची ती पहिलीच मुलगी. त्या हंगामात तिनं सतरा सामन्यांत तेवीस गोल केले होते. पुढच्या महिन्यात बेंगळुरूला राज्य संघाच्या निवडीचं शिबिर होतं आणि यादीत तिचं नाव आलेलं होतं.

निपाणीचा सामना उपांत्य फेरीचा होता. माझी थोरली बहीण निपाणीतच दिलेली आहे, तीही डबा घेऊन बघायला आली होती. बासष्टाव्या मिनिटाला अक्षतानं उजव्या बाजूला चेंडू घेतला, पाय रोवला आणि आत वळली. तिला कुणीही धक्का दिला नाही. अंग वळलं, बूट जागेवरच राहिला. ती खाली बसली आणि मग आडवी झाली.

ती पडली की पाच-सहा सेकंदांत उठते. मी मनात मोजत होतो. वीस झाले.

"शिवा, पोर उठंना की रं!" आक्का म्हणाली.

तिला संघातल्या दोघींनी खांद्यावर हात घेऊन बाहेर आणलं. ती रडत नव्हती. "आप्पा, आत कायतरी तुटलं," ती म्हणाली. "मला कळलं."

"मुरगळला असंल गं," मी म्हणालो. हे वाक्य मी त्या दिवशी निदान सात वेळा बोललो असेन. तिला धीर देण्यासाठी बोललो असं तेव्हा वाटलं. खरं तर मी ते मला सांगत होतो.

दोन दिवस गुडघा फुगलेला होता. चौथ्या दिवशी सूज उतरली, ती भिंतीला धरून चालायला लागली आणि घरात सगळ्यांना हलकं वाटलं. सहाव्या दिवशी पायरी उतरताना गुडघा आपोआप बाजूला सरकला आणि ती बसलीच. मग एमआरआय काढला.

निदानाचा दिवस

बेळगावच्या त्या दवाखान्याचं नाव इथं देत नाही. डॉक्टर आमच्याच भागातले, मराठी बोलणारे. त्यांनी माझ्याकडं न बघता अक्षताकडं बघून सांगितलं, याचं मला बरं वाटलं.

"गुडघ्यातली पुढची दोरी पूर्ण तुटलीय. आणि आतल्या गादीचा तुकडा फाटून सांध्यात अडकलाय."

"शिबिराला जायला येईल का?" तिनं विचारलं.

"कुठलं शिबिर?"

"राज्याचं. पुढच्या महिन्यात."

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "बाळ, पुढच्या महिन्यात तू कुबड्यांवर असशील."

"मग खेळायला कधी?"

"नऊ महिने धर. बारा पण लागतील. आणि नक्की खेळशील असं मी आज लिहून देणार नाही."

मी विचारलं, "डॉक्टर, शंभरातले किती जण पुन्हा खेळतात?"

"आकडा सांगेन," ते म्हणाले. "पण त्यात हिची मेहनत धरलेली नाही, आणि घरच्यांच्या चुका पण धरलेल्या नाहीत." मग त्यांनी आकडा सांगितलाच नाही आणि मीही दुसऱ्यांदा विचारला नाही.

परत येताना अक्षता रिक्षात पाय लांब करून बसली होती. उचगावच्या फाट्यावर म्हणाली, "घरी आईला तुम्ही सांगा. मी न्हाय सांगत."

वंदनाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी चुलीपाशी उभं राहून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "पोरीला पहिले बूट कुणी आणून दिलते?"

"मी."

"मग आता पाय पण तुम्हीच आणून द्या."



चार दिवस

शस्त्रक्रिया दुखापतीनंतर तिसऱ्या आठवड्यात झाली. त्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुमचे डॉक्टर सांगतील. मला लक्षात राहिलं ते नंतरचं. कंबरेखालचा भाग बधिर होता आणि अक्षताला सारखी भीती की पाय आता कायमचा असाच राहणार.

"आप्पा, बोटं हलवालोय मी. हलतंय का बघा."

"अजून न्हाय."

"आता?"

"न्हाय गं."

असं तीन तास चाललं. (आमच्याकडं बायकाही 'आलो', 'गेलो' असंच बोलतात.) तीन तास दहा मिनिटांनी अंगठा हलला. मी इतक्या मोठ्यानं "हललं!" म्हणालो की नर्स धावत आली.

वॉर्डात साडेपाचला ताप बघायचे, सहाला चहा, सातला फरशी पुसायला बाई, मग डॉक्टरांची वाट. ते नऊला येतील म्हणायचे आणि साडेदहाला यायचे. त्या दीड तासात काय विचारायचं याची मी यादी करायचो आणि ते आले की निम्मी विसरायचो. यादी हातात धरूनच उभं राहायचं, हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं.

शेजारच्या खाटेवर गुंजी गावची एक म्हातारी होती, खुब्याचं हाड मोडलेली. तिचा मुलगा रोज सकाळच्या रेल्वेनं डबा घेऊन यायचा. ती अक्षताला नावानं कधीच हाक मारायची नाही.

"ए फुटबॉल, च्या आला बघ. झोपलीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "माझं हाड म्हशीनं मोडलं. तुझं कुणी मोडलं गं?"

"कुणी न्हाय आज्जी. मीच फिरलो न् मोडलं."

"म्हंजे तू माझ्यापरास येडी!"

अक्षता हसली. पडल्यापासून पहिल्यांदा. वहीत मी तेवढं लिहून ठेवलं आहे.

सातवा मुद्दा

आता चुकीकडं येतो.

घरी सोडताना फिजिओथेरपिस्ट चैत्रा मॅडमनी एक छापील कागद दिला. त्या म्हैसूर बाजूच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण कन्नड आणि मोडकं हिंदी मिसळून त्यांनी अकरा मुद्दे भराभर सांगितले. कागद कन्नडमधला होता. मला कन्नड वाचता येतं. सावकाश, पण येतं. बावीस वर्षं कारखान्यातली परिपत्रकं वाचलीत, बसच्या पाट्या वाचतो. अक्षताला माझ्यापेक्षा चांगलं येतं, पण ती त्या दिवशी वेदनेत होती आणि फाईल माझ्याकडं होती. फाईल माझ्याकडंच असावी असा माझा हट्ट होता.

सातवा मुद्दा होता, "मंडि केळगे दिंबु इडबेडि."

केळगे म्हणजे खाली. दिंबु म्हणजे उशी. इडबेडि म्हणजे ठेवू नका. आणि मंडि? मंडि म्हणजे मांडी, यात विचार करण्यासारखं मला काही वाटलं नाही. मी समासात पेन्सिलनं मराठीत लिहिलं, "मांडीखाली उशी ठेवू नये," आणि खाली रेघ मारली.

आमच्या भागात कन्नड बोलणारा माणूस गुडघ्याला 'मोणकाल' म्हणतो. कारखान्यात मी तोच शब्द ऐकत आलो. 'मंडि' हा शब्द मी तेलाच्या जाहिरातीत बसस्टँडवर शंभरदा वाचलेला आहे, 'मंडि नोवु'. इतकी वर्षं मला वाटायचं, एवढ्या लोकांच्या मांड्या कशा काय दुखतात?

घरी आक्का निपाणीहून राहायला आली होती. तिनं जुनी वाकळ, म्हणजे गोधडी, चौपदरी घडी करून अक्षताच्या पायाखाली घातली होती, मांडीपासून टाचेपर्यंत. मी कागद घेऊन आत गेलो.

"आक्का, मांडीखाली न्हाय घालायची. कागदात लिवलंय."

"मग कुठं घालू?"

"खाली सरकव."

ती सरकवेना, म्हणून मीच वाकून ती घडी वीतभर खाली ओढली. मांडी मोकळी झाली. घडी गोळा होऊन बरोबर गुडघ्याच्या खाली आली.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"हां, आता बरं वाटालंय," अक्षता म्हणाली.

बरं वाटणारच होतं. गुडघा थोडा वाकलेला असला की दुखणं कमी होतं. आणि तो तसाच ठेवला की आत तसाच जमून बसतो, पुन्हा सरळ व्हायला तयार होत नाही. हे मला सहा आठवड्यांनी कळलं.

आलेख

मी भिंतीवर आलेखाचा कागद लावला होता. रोज संध्याकाळी कोनमापकानं गुडघा किती वाकतो ते मोजायचो. सहा आठवडे नव्वद अंशांच्या पुढं वाकवायचं नाही असं बंधन होतं. पहिल्या आठवड्याअखेर चाळीस, मग पंचावन्न, सत्तर, ऐंशी, पाचव्याला सत्त्याऐंशी, सहाव्याला नव्वद. रेघ छान वर चाललेली. येणारा-जाणारा बघायचा आणि म्हणायचा, "अण्णा, काम पद्धतशीर हाय तुमचं."

दुसऱ्या आठवड्यात टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "सरळ व्हायला चार अंश कमी आहे, त्याच्याकडं लक्ष ठेवा." चैत्रा मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. मी "हो" म्हणालो. कागदावर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ सोडायचा व्यायाम होता. दिवसातून पाच वेळा, दहा-दहा मिनिटं. तो आम्ही एकदाही चुकवला नाही. व्यायाम झाला की वाकळ परत जागेवर, म्हणजे माझ्या जागेवर.

सरळपणा मी मोजला नाही. सरळ म्हणजे सरळ, त्यात काय मोजायचं, असं मी धरून चाललो. कारखान्यात एखाद्या पोरानं न मोजता शेरा मारला असता तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं.

त्या दिवसांत घरचं वातावरण चांगलं नव्हतं. बघायला येणारी माणसं वंदनाला कोपऱ्यात घेऊन बोलायची. एक नातेवाईक बाई म्हणाली, "पायात स्क्रू हाय म्हणून कुठं सांगू नकोस बाई, पुढं स्थळं यायची हायत." अक्षतानं ते ऐकलं. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "आप्पा, माझा मोबाईल तुमच्याकडं ठेवा." शिबिराचे फोटो संघाच्या ग्रुपवर यायला लागले होते. तिच्या जागी गेलेली मुलगी तिचीच मैत्रीण होती. पाच दिवस मोबाईल माझ्या कपाटात होता. सहाव्या दिवशी तिनं तो मागून घेतला आणि मैत्रिणीला अभिनंदनाचा संदेश पाठवला. मला दाखवून पाठवला.

"इदु मंडि"

सहाव्या आठवड्यात आलेख घेऊन मी दवाखान्यात गेलो. खोटं कशाला बोलू, थोडं कौतुक होईल असं वाटत होतं. आक्काही बरोबर होती.

चैत्रा मॅडमनी आलेखाकडं एकदा बघितलं आणि अक्षताला पालथं झोपायला सांगितलं. दोन्ही पाय खाटेच्या काठाबाहेर. डावी टाच खाली आली. उजवी वरच राहिली. त्यांनी पट्टी लावली. दोन टाचांत नऊ सेंटिमीटरचं अंतर होतं. मग हातानं उजवी टाच खाली दाबून बघितली. अक्षता ओरडली. टाच हलली नाही.

मग त्यांनी मला विचारलं, मंडिखाली दिंबु ठेवत होता का?

"इल्ल मॅडम," मी खात्रीनं म्हणालो आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारून दाखवली. "इथं कधीच न्हाय."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग पुढं येऊन अक्षताच्या गुडघ्यावर आपला तळवा ठेवला.

"इदु मंडि," त्या म्हणाल्या. हा मंडि. मग हात वर नेऊन मांडीवर ठेवला. "इदु तोडे."

तोडे हा शब्द मला माहीत होता. मांडीला कन्नडमध्ये तोडे म्हणतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. मग मंडि म्हणजे मांडी कशी असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

मागून आक्का म्हणाली, "वाकळ मीच घातली बाई. अडाणी माणूस मी, मला काय कळतंय."

मॅडम आक्काकडं बघायला लागल्या. आणि मी गप्प राहिलो. किती वेळ ते मोजलेलं नाही, अर्धा मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात हेच होतं की हे आक्काच्या नावावर गेलं तर जाऊ दे. अक्षता पालथी पडून मान वळवून माझ्याकडं बघत होती.

"आक्कानं न्हाय," मी म्हणालो. "तिनं बरोबर घातली होती. मी सरकवली."

डॉक्टर आले, त्यांनीही टाच दाबून बघितली. "आत जाळं धरायला लागलंय," ते म्हणाले. "तीन आठवडे देतो. रोज इथं यायचं. सरळ झाला तर झाला. नाहीतर परत आत जाऊन ते काढावं लागेल. आणि परत आत गेलो तर खेळाबद्दल मला काही विचारू नका."

त्या दिवशी घरी आल्यावर मी हिशेब केला. अडतीस दिवस. रोज पन्नास मिनिटं व्यायाम, म्हणजे एकतीस तास चाळीस मिनिटं पाय सरळ. रोज साधारण सोळा तास वाकळीवर, म्हणजे सहाशे आठ तास पाय वाकडा. मी भिंतीवरचा आलेख काढून टाकला.

वंदनाला सगळं सांगितलं. आता ती बोलेल आणि मी ऐकून घेईन, अशी तयारी केली होती. तिनं नुसता हात पुढं केला.

"कागद द्या इकडं."

"तुला कन्नड वाचता येत न्हाय."

"म्हणूनच द्या. मला येत न्हाय हे मला म्हाईत तरी हाय."

दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर आली. मॅडमच्या समोर कागद धरून एकेका ओळीवर बोट ठेवलं आणि अक्षताच्या पायाला हात लावत विचारत गेली, "ह्ये का? का ह्ये? किती वाकवायचं, करून दाखवा." अकरा मुद्द्यांना पाऊण तास लागला. चैत्रा मॅडम हसत होत्या, पण त्यांनी सगळं करून दाखवलं. शेवटी त्या म्हणाल्या की आता त्याही सगळ्यांना असंच सांगतील. ज्यांना दुसऱ्या भाषेतला कागद मिळतो त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. भाषांतर करत बसू नका. हात लावून विचारा.

एकवीस दिवस

शेजाऱ्यांच्या ओम्नीतून रोज बेळगाव. घरी दिवसातून चार वेळा पालथं झोपून पाय काठाबाहेर सोडायचा आणि घोट्याला पिशवी बांधायची. पिशवीत दोन किलो मीठ. पंधरा मिनिटं. पहिली पाच मिनिटं ती बोलायची, पुढची पाच गप्प असायची, शेवटची पाच उशी दातांत धरायची. वंदना शेजारी वेळ बघत बसायची. मी पोलादी पट्टी घेऊन टाचांतलं अंतर मोजायचो.

नऊ. साडेआठ. आठ. आठ. साडेसात. आठव्या दिवशी सहा. मग बाराव्या दिवशी सहा, तेराव्या दिवशी सहा. चौदाव्या दिवशी साडेसहा.

मी तो आकडा उच्चारल्यावर अक्षता उशीत तोंड खुपसून ओरडली, "पट्टी बाहेर ठेवा आप्पा! तुम्ही मोजायला वाकला की माझा पाय आपोआप आखडतोय!"

मला राग आला. मोजल्याशिवाय कळणार कसं? दुसऱ्या दिवशी मी चैत्रा मॅडमकडं तक्रारीच्या सुरात हे सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलगी बरोबर बोलते. आकड्याची भीती वाटली की मांडीचा स्नायू घट्ट होतो. पट्टी इथं ठेवून जा, मी मोजेन, आठवड्यातून एकदा.

पट्टी ठेवून आलो. त्या सात दिवसांत व्यायामाच्या वेळी मी बाहेर सोप्यात बसायचो. आतून आवाज यायचे.

"आई, झाली?"

"अजून चार मिंटं."

"मगाशी पण चारच म्हणलतीस!"

"मगाशी खोटं बोललो. आता खरं."

आणि दोघींचं हसणं. बूट कुणी आणून दिले हा विषय वंदनानं त्यानंतर काढला नाही. ती विसरली असं मला वाटत नाही.

कारखान्यात माझं लक्ष नव्हतं. दोनदा चुकीचा भाग पास केला. साहेबांनी बोलावून विचारलं, "काय चाललंय शिवाजीराव?" मी म्हणालो, "गुडघा."

एकविसाव्या दिवशी अंतर दीड सेंटिमीटर होतं. डॉक्टरांनी टाच दाबली, ती खाली गेली. त्यांनी तीनदा दाबून बघितली.

"परत आत जायची गरज आज तरी दिसत नाही," ते म्हणाले.

'आज तरी' हे दोन शब्द मी त्यांच्याच समोर वहीत लिहिले. अक्षतानं विचारलं, "मग आता खेळायचं कधी?" ते म्हणाले, "आधी लंगडल्याशिवाय चालून दाखव."

पुढचे महिने

पुढचे महिने भीतीचे होते, पण त्या भीतीत रोज काही घडत नव्हतं, त्यामुळं लिहायला फार नाही. उजवी मांडी डावीपेक्षा चार सेंटिमीटरनं बारीक झाली होती. पाचव्या महिन्यात अक्षता सरळ रेषेत पळायला लागली. प्रत्येक वेळी गुडघ्यात कट् वाजलं की घरातले तिघंही थांबायचे. असा आवाज बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो हे आम्हाला चौघांनी सांगितलं आहे. तरीही थांबतो.

नवव्या महिन्यात एका पायावर उडी मारायची चाचणी झाली. डावा पाय एकशे बेचाळीस सेंटिमीटर, उजवा एकशे अठरा. म्हणजे त्र्याऐंशी टक्के. डॉक्टरांना नव्वद हवे होते. गाडीत बसल्यावर अक्षतानं गुडघ्यावर दोन्ही मुठी आपटल्या. मी तिचे हात धरले. तिनं सोडवून घेतले आणि म्हणाली, "त्याला काय होत न्हाय आप्पा. आता तो मजबूत हाय. नुसता उडत न्हाय."

दहाव्या महिन्यात डावा एकशे त्रेचाळीस, उजवा एकशे एकतीस. एक्क्याण्णव टक्क्यांच्या वर. डॉक्टर म्हणाले, "सरावाच्या सामन्यात पंधरा मिनिटं. सोळावं नाही. पुढं राज्याचं काय, ते मला आजही माहीत नाही."

पंधरा मिनिटं

गेल्या रविवारी गावच्या मैदानावर सरावाचा सामना होता. ती उतरली तेव्हा शे-सव्वाशे माणसं टाळ्या वाजवत होती. वंदना पहिल्यांदाच मैदानावर आली होती. ती गोलाच्या जाळीमागं उभी राहिली, तिथून खेळ नीट दिसत नाही म्हणून.

अक्षतानं चांगले पास दिले. एकदा गोलवर मारलंही, बाजूला गेलं. पंधराव्या मिनिटाला प्रशिक्षकांनी बाहेर बोलावलं. लोक म्हणाले, "लई भारी! काय बी फरक न्हाय!" प्रशिक्षकही खूश होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी बघत होतो. चेंडू दोघींच्या मध्ये आला आणि पाय घालायची वेळ आली की ती उजवा पाय मागं घेत होती. अगदी थोडा. न बघणाऱ्याला ते दिसलं नसतं.

बाकीची माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"आप्पा," ती मान खाली घालूनच म्हणाली, "तीनदा बॉल मधी आलता. तिन्ही वेळा मी पाय काढून घेतलो."

मला गप्प बसता आलं असतं. 'पहिलाच दिवस आहे' असं म्हणता आलं असतं.

"चारदा," मी म्हणालो.

तिनं वर बघितलं. "चौथा कुठला?"

"पलीकडच्या कोपऱ्यातला. तुला वाटलं बॉल लांब गेला. लांब न्हवता गेला."

ती तिकडं बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. तिनं एका बुटाची नाडी पूर्ण सोडली, मग दुसऱ्याची.

"व्हय," ती म्हणाली. "न्हवता गेला."

वंदना जाळीमागून आमच्याकडं यायला निघाली होती. ती पोचायच्या आत अक्षता हळूच म्हणाली, "पुढच्या रविवारी त्या कोपऱ्याला उभारा तुम्ही. लोक काय बी म्हणू देत. मी काढून घेतलो की मला सांगायचं."

"सांगतो."

हे लिहितोय तो शुक्रवार आहे. परवा पुन्हा पंधरा मिनिटं आहेत. परवा ती किती वेळा पाय काढून घेईल, ते मला माहीत नाही.